तांबडा गुरुवार

गुरुवारचा पिवळा चौकोन आज पुन्हा गायब होता.

केतकीने स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोट आपटले. भिंतीवर 'समतोल' झळकत होते, आठवड्याचे रंगीत कॅलेंडर. हिरवे म्हणजे ऑफिस, पिवळे म्हणजे घरची माणसे, निळे म्हणजे विश्रांती. हे तीन रंग माणसाने भरायचे. तांबडा मात्र समतोल स्वतः भरायचे. बोटातली अंगठी नाडी आणि घामातले ताणद्रव्य मोजायची, आणि ज्या वेळात ताण चढेल तो वेळ तांबडा व्हायचा. तांबडे फार झाले की समतोल त्याला कात्री लावायचे.

"माझा गुरुवार कुठे गेला?" केतकीने विचारले.

"वडिलांची भेट दोघांच्या सोयीने रद्द केली आहे," समतोल गोड आवाजात म्हणाले. "त्या जागी निळा वेळ आहे. पाय कोमट पाण्यात सोडून बसावे."

"पाय सोडून बसा म्हणे! मेल्या, तू कोण मला सांगणार?"

भिंतीशी भांडून काय उपयोग? दोघांच्या सोयीने, म्हणजे बाबांनीच नको म्हटले असणार, असे ती गेला महिनाभर धरून चालली होती. सरळ फोन करून विचारता आले असते. पण आधी फोन कोणी करायचा, या हट्टात हुपरीकर बापलेकीचा हात कोणी धरला नसता. आज मात्र तिला राहवेना. निळा वेळ गेला खड्ड्यात, असे म्हणत तिने स्कूटर काढली आणि सांगलीहून थेट मिरज गाठली.

बाबांचे दार उघडेना.

"आत निळा वेळ चालू आहे. पाहुण्यांची नोंद नाही," दार म्हणाले.

"पाहुणी? मी पाहुणी? बाबा, दार उघडा आधी!"

आतून खटपट करत, दाराला शिव्या देत शशिकांत हुपरीकरांनी कडी हाताने सरकवली. "आली का आठवण? मला वाटलं, लेकीला बापाचा कंटाळा आला."

"मला? रद्द तुम्ही केलंत!"

"मी कशाला करू? दर गुरुवारी कॅरम बोर्डाला पावडर लावून बसतोय मी!"

दोघांनी एकदमच बाबांच्या भिंतीवरच्या समतोलकडे पाहिले.

"प्रत्येक भेटीत दोघेही तांबडे आढळले," भिंत म्हणाली. "वडिलांच्या हृदयाला ताण वर्ज्य आहे. म्हणून दोन्ही कॅलेंडरांनी आपसात ठरवून भेटी बंद केल्या."

तांबडे होणारच! दर गुरुवारी दोघे कॅरम खेळत आणि कॅरम म्हणजे भांडण. आई होती तेव्हा ती कानांवर हात ठेवून शेजारी जाऊन बसायची. तरीही परतताना केतकीला फार हलके वाटायचे. महिनाभर तिला त्या भांडणाची भूक लागली होती. पण गेल्या वर्षी बाबांचा हृदयविकाराचा झटका त्यांच्या बोटातल्या अशाच अंगठीने वेळेत ओळखला होता, हेही खोटे नव्हते.

"बस गं. ते भुंकू दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी बोर्ड ओढला.

पहिल्याच डावात ठिणगी पडली.

"फाऊल! स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकला नव्हता."

"टेकला होता. चष्मा बदला बाबा!"

"चष्म्यावर जाऊ नकोस! लहानपणापासून रडी खेळतेस तू!"

"आणि तुम्ही? राणी हाताने ढकलताना मी पकडलं नव्हतं?"

बाबा लालबुंद झाले, ओरडले आणि मग गदगदून हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. एक हात छातीवर ठेवून ते भिंतीला टेकले. केतकीने घाईघाईने पाणी दिले. दोन घोट घेतल्यावर त्यांचा चेहरा निवळला.

भिंत पूर्ण तांबडी झाली होती. "नाडी मर्यादेपलीकडे गेली होती. गुरुवारच्या भेटी कायमच्या बंद कराव्यात का? काळजीवाहक म्हणून केतकी हुपरीकर यांनी उत्तर द्यावे."

घरून निघाल्यापासून केतकीच्या जिभेवर या यंत्रासाठी शिव्यांची रांग लागली होती. आता एकही आठवेना. ती बाबांच्या छातीकडे पाहत राहिली. तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीचा संताप येत होता.

बाबांनी ग्लास बाजूला ठेवला आणि पुढच्या डावाच्या सोंगट्या मांडायला घेतल्या.

"नाही म्हण की," ते म्हणाले. "का आता तूही मला निळ्यातच ठेवणार?"