चार बर्नरचा ओटा

काँक्रीटच्या ओट्यातून शमिकाला बरंच काही मिळणार होतं. फोनमध्ये जपून ठेवलेल्या फोटोंसारखा, ढगाळ दुपारच्या रंगाचा ओटा. बेंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या त्या इमारतीत एकशे साठ फ्लॅट आणि एकशे साठ काळे ग्रॅनाइट. त्यात हिचा एकटीचा वेगळा. शिवाय दर रविवारी पुण्याहून ‘एकटीला कशाला गं एवढं घर?’ विचारणाऱ्या आईला एक वजनदार उत्तर. तेहतिसाव्या वर्षी एवढं हाती लागलं तर पुष्कळ झालं. प्रेमबीम या यादीत नव्हतं. ते आलं वाटेत ऑटो बंद पडल्यामुळे.

ऑटो बंद पडली शिवाजीनगरच्या – पुण्याच्या नव्हे, बेंगळुरूच्या – बस स्टँडमागे. समोरच्या वर्कशॉपच्या भिंतीला राखाडी लाद्या टेकवून ठेवलेल्या होत्या.

“ठेव गं आई, कुठल्या तरी गल्लीत उभी आहे मी!” ती फोनवर ओरडली.

“कुठल्या तरी नव्हे अक्का, आमच्या,” आतून आवाज आला. चक्क मराठीत! पाठोपाठ माणूस बाहेर आला – हातात पाण्याचा पाइप, कोपरापर्यंत सिमेंट, आणि डोळे… डोळे जरा जास्तच हसरे.

“तुम्ही मराठी?”

“साडेतीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना इथं येऊन. तुम्हाला?”

“सहा.”

“मग स्वल्प बसा. दमला असाल.”

त्याचं नाव अभिराज. काँक्रीटचे ओटे ओतून द्यायचा. शमिकाने विचारलं, काँक्रीट चांगलं का?

“नाही,” तो म्हणाला. “लिंबू सांडलं की चट्टा. हळदीचं तर नावच काढू नका. केसासारख्या भेगा येतात, दरवर्षी वरून सीलरचा हात मारावा लागतो. ग्रॅनाइट घ्या अक्का, जन्मभर बघायला नको.”

“विकताय की पळवून लावताय?”

“आधी पळवून लावतो. तरी उभं राहिलं तर ते आमचं गिऱ्हाईक.”

“आणि क्वार्ट्झ?”

हसू गेलं. “तो कृत्रिम दगड मी कापत नाही.”

निघताना त्याने तळहाताएवढा तुकडा तिच्या हातात ठेवला. “आठ दिवस छळा याला. मग सांगा.”

तिने छळलं. लिंबू पिळलं, कोकम ठेवलं, फोडणी सांडली. पुढच्या शनिवारी पिवळं कडं पडलेला तुकडा त्याच्यासमोर आपटला.

“मेला हा.”

“डागाळलाय फक्त. मेला कुठं?” त्याने अंगठा त्या कड्यावरून फिरवला, अगदी हळू… आणि शमिकाला आपल्या मनगटावर काहीतरी फिरल्यासारखं वाटलं. तिने ऑर्डर दिली. हिशेबी मुलगी, एवढ्या दोषांची यादी ऐकून माल घेणारी नव्हती. पण यादी वाचणारा तिला आवडला होता.

ओटा दोन तुकड्यांत ओतला. अकराव्या मजल्यावर अखंड काहीच जात नाही, म्हणाला. मग अठ्ठावीस दिवस ओल्या गोणपाटाखाली. रोज दोनदा पाणी मारायचं, कारण काँक्रीट घाईने सुकलं की कच्चं राहतं. ओटा बघण्याच्या निमित्ताने ही दर शनिवारी हजर. मग नुसतं बघणं बरं दिसत नाही म्हणून हातात पाण्याचा मग. वर्कशॉपचा जुना कारागीर देवाप्पा दोघांकडे पाठ करून बिडी ओढायचा, आणि बिडी नेमकी लांबायची.

तिसऱ्या शनिवारी तिने पुन्हा क्वार्ट्झचं विचारलं.

“माझे वडील, अप्पा, कापायचे,” अभिराज म्हणाला. “विठोजीचा हात कसा, ते सगळी पेठ सांगायची. नऊ वर्षं कोरडं कापलं, सगळी धूळ छातीत. पाण्याने वेळ जातो, असं मालकाचं म्हणणं. शेवटी शर्टाची बटणं लावताना दम लागायचा त्यांना. बावन्नाव्या वर्षी गेले.” तो पाणी मारत राहिला. “चार वर्षं मीही होतो शेजारी. माझ्या एक्स-रेतही पांढरे ठिपके आहेत. डॉक्टर म्हणाले, आहे तिथं थांबेलही. पण धुळीचा आता एक दिवससुद्धा नको. म्हणून हे काम. ओतायचं, भिजवायचं, पाण्यातच घासायचं.”

शमिकाने हातातला मग पुन्हा भरला.

“स्वल्प सरा की,” तो म्हणाला. “कोपरा कोरडा राहिलाय… शमिका.”

“अक्का कुठे गेली?”

“गेली. मागच्याच शनिवारी.”

मगमधलं पाणी गोणपाटावर पडायचं ते तिच्या चपलेवर पडलं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ओटा बसला, गृहप्रवेशाचा मुहूर्त निघाला – शुक्रवारी सकाळी नऊ दहाला – आणि गुरुवारी तिची आई, प्रतिमाताई, पुण्याहून एक खोकं घेऊन उतरल्या. ओट्यात बसणारी चार बर्नरची शेगडी. लेकीला भेट.

“अगं आई, तीनचं माप दिलं होतं मी. भोक तेवढंच आहे!”

“एकटीसाठी तीनच पुरतील. पण माणसं वाढली म्हणजे?” आईने अभिराजचं नाव अजून ऐकलं नव्हतं, माणसं वाढायची तयारी मात्र घेऊन आली होती.

दुपारी अभिराज आणि देवाप्पा आले. अभिराजने टेप लावला.

“वर्कशॉपला नेऊन पाण्यात कापतो. सोमवारी परत बसवू.”

“सकाळी गुरुजी येताहेत,” प्रतिमाताई म्हणाल्या. “नव्या शेगडीवर दूध उतू जायला हवं. चार बोटं तर कापायचंय!”

“इथं पाणी सोडलं तर खालची कपाटं फुगतील, अम्मा.”

“मग कोरडं कापा. दहा मिनिटांचं काम.”

“बेडा,” देवाप्पा म्हणाला. नको. कन्नडमधला एकच शब्द, पण तो त्याने दोनदा उच्चारला.

अभिराजने शमिकाकडे पाहिलं. गॅलरीत तिची जुनी दोन बर्नरची शेगडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पडली होती. दूध तिच्यावरही उतू गेलं असतं. हे शमिकाला माहीत होतं. तिने आईचा चेहरा पाहिला, मग ओटा पाहिला आणि म्हणाली, “मास्क आहे ना तुझ्याकडे?”

झालं. ठरलं.

मास्क होता, साधा कापडी. काँक्रीट पक्कं निघालं. अठ्ठावीस दिवस पाणी मारलं होतं ना दोघांनी! दहा मिनिटांची चाळीस झाली. हॉलमध्ये धूळ येऊ नये म्हणून शमिकाने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. बाहेरच्या बाजूने.

तो बाहेर आला तेव्हा केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.

“अगदी म्हातारा दिसतोयस!” ती हसली. तोही हसला. हसता हसता खोकला, आणि खोकतच राहिला.

दूध वेळेवर उतू गेलं. खोकला गेला नाही. पुढच्या तीन महिन्यांत नऊ किलो वजन गेलं. एका दुपारवर बोट ठेवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जुनंच दुखणं होतं, कधीतरी उसळणारच होतं. डॉक्टर भले होते. शमिकाने ती सवलत घेतली नाही.

“मी नको म्हणायला हवं होतं,” ती दवाखान्याच्या बाकावर म्हणाली.

“मी विचारलं कुठं होतं?”

“बघितलंस ना माझ्याकडे.”

तो नाही म्हणाला नाही. मग, “सरी. बरं, सोड आता.”

“लग्न करशील?”

“डागी माल आहे मी, शमिका…”

“आठ दिवस छळून बघितलाय मी. मेला नव्हता.”

लग्न रजिस्टर झालं. देवाप्पाने सही केली, पण शमिकाशी बोलला नाही. ऑक्सिजनचं मशीन मिक्सरच्या प्लगवर लागलं. वर्षाने सीलर मारायची वेळ आली तेव्हा अभिराज खुर्चीत बसून सांगायचा – गोल नको, सरळ हात – आणि ती मारायची. मध्ये मध्ये तो थांबायचा, श्वास पुरा करायचा. ती ब्रश धरून वाट पाहायची. त्यांचं सगळं लाडाचं बोलणं त्या थांबण्यांत मावायचं.

चौदा महिने मिळाले. छत्तिसाव्या वर्षी तो गेला. म्हातारा अभिराज तिने पाहिला तो त्या एका दुपारीच.

आता ओट्यावर लिंबाचे तीन चट्टे आहेत, हळदीचं एक कडं, आणि शेगडीच्या कोपऱ्यातून निघालेली केसासारखी भेग. आईला मुहूर्त मिळाला. शमिकाला ओटा मिळाला. मागचा डावा बर्नर, तो चौथा, आजवर एकदाही पेटलेला नाही. त्याचे पैसे आईने दिले होते. किंमत अभिराजने दिली.