बठ्ठा गयात

कुलूप लावून यायचं, एवढंच काम होतं अभिमनचं. चिंधा, तू दात काढू नकोस. परवा बहिणीचं लग्न तुझ्याच घरी आहे, वऱ्हाड शाळेत उतरेल आणि ते गेल्यावर शिपायासोबत कुलूप लावायला तूच जाशील. म्हणून सांगतो. हे ऐकीव नाही. आधारआबांचा अभिमन माझ्या बरोबरीचा, एका पाटीवर शिकलो आम्ही.

शाळेची जागा आबांनी दिली. शाळा गावाची, पण किल्ली त्यांच्या घरात. वऱ्हाड असो, डोळ्यांचं शिबिर असो, मतदान असो, आबांनी कुणाला परत पाठवलं नाही. त्या घराला याचा भारी तोरा होता. का नसावा? आपल्यातल्या किती जणांनी गावाला हातभर तरी जागा दिलीय?

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं तिथंच झोपायची. काम संपलं, माणसं पांगली. सुंदरबाई नावाची म्हातारी तेवढी राहिली, तिला जायला घरच नव्हतं. रात्री बंद करताना, आत कोणी राहिलं का म्हणून, आबा दारातून हाक मारायचे, "कोनी शे का मझार?" तर कोपऱ्यातून हीच बाई, सगळे गेले म्हणून, उत्तर द्यायची, "कोनी नही भाऊ. बठ्ठा गयात." आबा हसायचे आणि दार नुसतं लोटून घरी जायचे. गावभर चेष्टा व्हायची तिची. एका सकाळी ती त्याच कोपऱ्यात गेलेली सापडली. हाक मारायची रीत मात्र त्या घरानं सोडली नाही.

आता ती रात्र. अठ्ठ्याऐंशी सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आबा वारून वर्ष झालेलं, आणि पंचायत किल्ली मागत होती. एक बोभाटा झाला की किल्ली गेली, बापाचं नाव गेलं, हे अभिमनला पक्कं ठाऊक. सावद्याचं वऱ्हाड ट्रकनं निघून गेलं. साडेनऊच्या सुमारास तो कंदील घेऊन शाळेत गेला आणि दारात उभं राहून बापासारखीच हाक मारली.

"कोनी शे का मझार?"

"कोनी नही भाऊ. बठ्ठा गयात."

बरं, म्हणाला. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निघाला. हसू नका रे. सवयीनं विचारलं, सवयीचं उत्तर मिळालं. तुम्हीही तेच केलं असतं. हातपंपापर्यंत आला आणि पाय थांबले. कोणी नाही, तर मग बोललं कोण?

सुंदरबाई त्याला आठवली असेलही. पण आधी आठवली पंचायत. वऱ्हाडातली एखादी म्हातारी आत राहिली असली, तर सकाळी तोंड दाखवायला जागा नाही. तो परत फिरला. कुलूप काढून कडीला अडकवलं आणि आत गेला.

लांबच लांब खोली. बाकं भिंतीला सारलेली. पत्रावळींचा वास. तो पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला. कोणी नव्हतं.

मागं दार लागलं. कडी वाजली. मग कुलूप.

किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारं कुलूप ते. त्यानं खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती. गावात दुसरी नव्हती.

खिडक्यांना गज. हाक मारली असती तर माणसं धावून आली असती. पण तो ओरडला नाही. किल्लीवाल्या घरचा माणूस स्वतःच्याच शाळेत कोंडला गेला, हे गावानं जन्मभर चघळलं असतं. दाराला पाठ लावून बसून राहिला. कंदिलातलं तेल संपत आलं. वात फडफडली... विझली.

कोपऱ्यात कुणीतरी कूस बदलली.

बऱ्याच वेळानं बाहेर पावलं वाजली. फटीतून उजेड आला. धाकटा भाऊ वना शोधायला आला होता. अभिमनचा जीव भांड्यात पडला. वनानं दाराशी येऊन, घरच्या रीतीनं, हाक मारली.

"कोनी शे का मझार?"

आता कसली लाज. अभिमननं तोंड उघडलं... कानाशी कुजबुज आली. म्हातारी. अगदी मायेनं.

"बोलू नको भाऊ. बाहेर काढी देतीन."

आणि कोपऱ्यातून उत्तर गेलं. अभिमनच्या आवाजात.

"कोनी नही भाऊ. बठ्ठा गयात."

बरं, म्हणाला वना. पावलं निघाली. उजेड गेला. अभिमन ओरडत होता... ओठ हलत होते. नुसते ओठ.

सकाळपर्यंत ना अभिमन सापडला ना किल्ली, म्हणून कुलूप तोडलं. तो आतच होता. वना रडत सांगत होता, भाऊचाच आवाज होता, मागच्या ओट्यावर असेल असं वाटलं. अभिमननं मला हे सगळं पाटीवर लिहून दाखवलं. त्या रात्रीपासून त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तुम्हा पोरांना तो मुका म्हणूनच ठाऊक, पण मी त्याच्याशी रात्र-रात्र गप्पा मारल्यात. फार आठवतात मला त्या.

किल्ली शेवटी पंचायतीकडे गेलीच. शिपाई कुलूप लावतो, पण हाक मारत नाही. गेल्या आखाजीला शिपाई नवा होता, त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं हाक मारली. मी आणि अभिमन हातपंपाच्या ओट्यावर बसलो होतो, शेजारी शेजारी.

आतून उत्तर आलं. मी अभिमनकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं... आणि आवाज त्याचाच होता.