बिडाचा ब्लोअर

गुरुदासने तारकर्लीच्या रस्त्यावर बांधलेल्या हॉलला मंगल कार्यालय म्हटलेलं त्याला चालत नसे. 'बँक्वेट' म्हणायचं. गुरुदास माझा चुलतभाऊ. गोरेगावात फर्निचरच्या धंद्यात वर्षं काढून परतला तो ही हौस घेऊन. लाटांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ त्याने सागवानी फळ्यांची जमीन घातली आणि वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. पाय धुतल्याशिवाय लोक जिथे ओटीवर चढत नाहीत, अशा गावात. फरशी घाल म्हणून मी सांगून पाहिलं.

"बाळा, तुझी नजरच मास्तराची," तो म्हणाला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो.

२००९च्या नोव्हेंबरात वादळ आलं. समुद्र आमंत्रणाशिवाय बँक्वेटमध्ये शिरला, पोटरीभर उभा राहिला आणि गेला. जाताना फळ्यांखाली मुक्काम ठेवून गेला. गुरुदासच्या मुलीचं, दिव्याचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि हॉलमधलं ते पहिलंच कार्य. व्याही दोडामार्गचे रबरवाले. येऊन त्यांनी गालिच्यावर बूट दाबला, पाणी वर आलेलं पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "सुकला नाही तर आमच्या मांडवात करू की!" म्हणजे गुरुदासला मालवणात तोंड दाखवायची सोय उरली नाही.

पणजीहून तीन पिवळे ब्लोअर आले. गोगलगाईच्या शंखासारखे, जमिनीलगत तोंड असलेले. ओल्या जमिनीवरून वारा सोडत राहायचं, ओल उडून जाते. यात चमत्कार काही नाही. किंमत ऐकून नर्मदावहिनी मटकन खाली बसली. खारी हवा लागताच दोन ब्लोअर बंद पडले. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"मोटर सीलबंद आहे सर. उघडली तर वॉरंटी जाते."

"आणि नाही उघडली तर?"

"मोटर जाते, सर. नवीनच घेतलेलं स्वस्त पडेल."

दुरुस्त न होणं हा गुण म्हणून विकणाऱ्या माणसापुढे मी मनोमन हात जोडले. संध्याकाळी तिसराही गेला.

मग कट्टा गावाहून सुदेश आला. त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे आणि जीभ त्याहून मोठी. टेम्पोतून त्याने बिडाचा एक काळा ब्लोअर उतरवला. तो मोडीत निघालेल्या कुठल्यातरी बोटीवरचा होता.

"गुरुदासा, ह्येचो एक एक पार्ट सुटो होता. बेरिंग बदल, पाती बदल, मोटर बदल. तुझो नातू वापरतलो!"

"बोट खंयची?" वहिनीने विचारलं.

"मोडीतल्या बोटीक नाव नसता वयनी, वजन असता."

आमच्याकडे नवी वस्तू चालू करण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं घालणारा वकिलासारखा बोलतो. काय हवं, कुणाला हवं आणि कुठून कुठपर्यंत. शीव सांगितल्याशिवाय मागणं पुरं होत नाही. गावात ते काम रामचंद्र परबांचं. वहाळापासून पाणंदीपर्यंत चारी बाजू ते तोंडाने चालून येतात. पण परब जत्रेला गेले होते. गुरुदासने एका कानाला मोबाइल धरून स्वतःच नारळ ठेवला.

"बा राखणदारा म्हाराजा, जी काय वल आसा ती सगळी काढून घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," आम्ही तिघं म्हणालो. आवाज तिघांपेक्षा जास्त भरला. रिकामा हॉल घुमतोच.

"शीव सांगूक नाय तुमी," वहिनी म्हणाली.

"अगो, टायम खंय हा? सुदेशा, बटन दाब."

सकाळी फळ्या खणखणीत कोरड्या होत्या. गुरुदास त्यांच्यावर टाचा आपटत फिरला आणि देशी मालाच्या गौरवावर बोलला. दुपारी आवारातली शहाळी उतरवली. एकातही पाणी नव्हतं. वादळाने माडांची मुळं हलली असतील, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी विहिरीत सोडलेली बादली दगडावर आपटली. भूजलपातळी, मी म्हटलं. शब्द हाताशी असले की शिकलेल्या माणसाला झोप छान लागते.

वहिनीने ब्लोअर बंद करायला लावला. तो बंद होईना. वायर काढली तरी होईना. सुदेशला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट आम्हाला दाखवलं.

"मोटर जळान कोळसो झाली हा. आजची न्हय ही."

"मग फिरते कशी?"

"ता तू सांग. मास्तर तू."

त्याने मोटर काढली. पाती काढली. बेरिंग काढलं. म्हणाला होता तसं सगळं खरंच सुटं झालं. टेम्पोत घालून तो कट्ट्याला गेला, पैसेसुद्धा न मागता.

हॉलमध्ये बिडाचं रिकामं कवच राहिलं.

गालिच्याची कड हलत होती.

मी कवचाच्या तोंडाशी हात धरला. वारा होता.

तो बाहेर येत नव्हता. आत जात होता. थोडा थांबून, पुन्हा.

हाताची कातडी पांढरी पडली. मी हात मागे घेतला.

"लगीन होवंदे," गुरुदास म्हणाला. "मगे बघूया." ते कवच जागचं हलेना, म्हणून त्याच्यापुढे त्याने फुलांची कमान उभी केली. अक्षता पडायच्या आत फुलवाल्याला ती दोनदा बदलावी लागली.

लग्न थाटात झालं. व्याही बुटाने गालिचा दाबून म्हणाले, "हॉल काय कडक सुकवलात हो!" गुरुदास फुगला. माणसं सरबतावर सरबत मागत होती. भर दुपार, हॉल गच्च भरलेला, वीज गेलेली. एकाच्याही कपाळावर घाम नव्हता.

पाठवणीला दिव्या आईच्या गळ्यात पडली. हुंदके देत होती, खांदे हलत होते. बायका नेहमीसारख्या नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"आये," ती म्हणाली, "डोळे मिटनत नाय गो."

वहिनीने सवयीने तिचे गाल पुसले. मग पदर उजेडात धरला, दोन बोटांत चोळून पाहिला.

बारीक मीठ होतं.