गुरुवारी लपणारी पट्टी

लिसांद्रो वाचनालयात पहिल्यांदा आला तो एका गुरुवारी, मावशीचं पुस्तक परत करायला. उरुग्वेतल्या पायसांदूच्या त्या बारक्या वाचनालयात ग्रंथपाल एलिदा एकटीच संगणकाशी हुज्जत घालत बसली होती. वर्षभर जमवलेल्या बुकमार्कांची अख्खी पट्टी ब्राउझरमधून गायब झाली होती.

"पुसलं गेलं सगळं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"काही पुसलं नाहीये. पट्टी लपलीय नुसती," तो तिच्या खांद्यावरून वाकला. त्याच्या शर्टाला संत्र्याच्या सालीचा वास येत होता... त्यानं माऊसचं उजवं बटण दाबलं, 'कधीच दाखवू नको' बदलून 'नेहमी दाखव' केलं. दोन मिनिटांचं काम.

एलिदानं येर्बाचा कडू चहा ओतला. इथं भोपळ्याची वाटी एक, नळी एक, पाल्यावर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतत आळीपाळीनं प्यायचं. वाटी परत देताना आभार मानले तर त्याचा अर्थ 'आता पुरे'. गप्प राहिलात तर आणखी एक. तो गप्पच राहिला. उन्हं कलली तरी दोघं खिडकीतून नदी बघत बसलेले.

पुढच्या गुरुवारी पट्टी पुन्हा गायब. त्याच्या पुढच्याही. आता संगणकाला वार कळतो म्हणायचं की काय? पण लिसांद्रो यायचा, पट्टी आणायचा, आणि चहा काही संपायचा नाही.

सातव्या गुरुवारी तो उशिरा आला.

"राजधानीत, मोन्तेविदेओत नोकरी मिळतेय. हो की नाही, ते पाचपर्यंत कळवायचंय." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "पट्टी परत कशी आणायची, ते लिहून आणलंय. मी नसलो तर तुझं अडायला नको."

एलिदानं चहा ओतला, थोडा टेबलावर सांडला. तो सावकाश प्यायला. आता हा आभार मानणार, आणि संपलं सगळं...

"कागद नको मला," ती घाईनं म्हणाली. "मला येतं ते. पट्टी मीच लपवते — दर गुरुवारी, तू यायच्या आधी."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या गुरुवारपासून. ती अशी नेम धरून आपोआप लपत नाही गं."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"बोललो असतो तर तिसऱ्या गुरुवारी काय सांगून आलो असतो?"

"आणि हा कागद?"

"तू घेतेस का, ते बघायचं होतं," तो खाली बघत म्हणाला.

घड्याळात पावणेपाच वाजले होते. एलिदानं कागद त्याच्याकडे सरकवला.

"मला तू हवायस, लिसांद्रो. जाऊ नकोस."

त्यानं तिथंच उभ्याउभ्या फोन लावला आणि 'नाही जमणार' एवढंच सांगितलं. मग रिकामी वाटी तिच्यापुढं धरली — आभाराचा एक शब्दही न काढता.

एलिदानं वाटीत पुन्हा गरम पाणी ओतलं.