पहिला आठवडा

पुण्याच्या प्रयोगशाळेत समाधानमापी पट्टी तयार झाली, तेव्हा डॉ. अवनी टिपणीसचं केवढं कौतुक झालं. मनगटावरची ही पट्टी रक्तातल्या रसायनांवरून सरकारी महिला डॉक्टरांचं कामातलं समाधान शंभरपैकी मोजायची. समाधान कमी, तिथे आणखी एक डॉक्टर. तोंडी तक्रारी ऐकूच नका, असा आगाऊ सल्लाही अवनीनेच आरोग्य संचालकांना दिला होता.

पुण्याला डॉक्टर मिळत गेल्या. पूर्व विदर्भाच्या जंगलातलं देवसूर मात्र राज्यात सर्वांत समाधानी ठरलं. त्याचं रहस्य शोधायला अवनी तिथे पोचली, आणि बाळंतिणींच्या गर्दीत एकट्या डॉ. नलिनी खोब्रागडेला पाहून ती चक्रावली. पट्टी कधी बांधली, असं तिने विचारलं.

"रुजू झाली त्याच दिवशी," नलिनी म्हणाली. "जुन्या मॅडम चार्ज देऊन तासाभरात रजेवर गेल्या. इकडे रीतच आहे तशी, नवीन माणूस आला की जुन्यानं सुटायचं. तो आठवडा मी त रडतच होती."

अवनीला चूक कळली, आणि तिने ती नलिनीला समजावून सांगितली. पट्टी पहिला आठवडा पन्नास धरून पुढचं मोजत होती. पुण्यात तो सत्कार-चहापानाचा, म्हणून पुढचं सगळं त्याहून कमी. इथे तो रडण्याचा, म्हणून पुढचं सगळं बरंच.

"म्हणजे मी सुखी दिसली, म्हणून दुसरी डॉक्टर आली नाही?"

"हो. चूक माझी आहे."

नलिनीने दिवाळीपासून आपल्या मुलाला पाहिलं नव्हतं. अवनी स्वतःही एमबीबीएस होती; अपराधी मनाने तिने नलिनीला घरी पाठवून आठवडाभर चार्ज घेतला आणि नियमाप्रमाणे स्वतःही पट्टी बांधली. त्याच आठवड्यात ती एका बाळंतपणात अडकलेली असताना शेजारच्या खाटेवरची बाई रक्तस्रावाने गेली. दुसरी डॉक्टर असती तर ती वाचली असती, आणि ती दुसरी डॉक्टर आपणच अडवली, हे अवनीला झोपू देईना.

परतल्यावर तिने संचालकांना सगळं सांगितलं. त्यांनी तिच्या मनगटावरच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"मॅडम, तुमचा आकडा त्र्याण्णव आहे. पट्टी चुकीची म्हणताय, आणि तुमच्याइतकं सुखी राज्यात कोणी नाही."

"तो आकडा त्या आठवड्यावरून आलाय, सर. निदान माझी तरी देवसूरला बदली करा."

"तिथे दुसरी जागाच मंजूर नाही," ते समजुतीने म्हणाले.

अवनीला रडू कोसळलं. आकडा दोनाने उतरला. तरीही तो राज्यात सर्वांत वरचाच होता.