पाणमांजरांच्या डोहाकडे, डायनमोवर

वैनगंगेतल्या पाणमांजरांचा आवाज टेपवर पकडायचा, एवढ्यासाठी आम्ही ती नाव बांधली! सावली गावाच्या खालच्या अंगाला नदी दोन धारांत फुटते, तिथे काळ्या खडकांचं एक बेट आहे. त्या खडकांच्या कपारींत पाणमांजरं पिल्लं वाढवतात, असं इतवारी भाऊ सांगायचे. ते जातिवंत ढिवर, सारी हयात या नदीवर मासे धरण्यात गेलेली. मी तेव्हा ब्रह्मपुरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. पिल्लांना हाका मारणारी पाणमांजर मला ऐकायची होती, आणि जगाला ऐकवायची होती!

माझ्या धाकट्या भावाचं, खुशालचं, सावलीत जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. चार रिकामे ड्रम, त्यांवर बांबूंची चौकट, वर सागाच्या फळ्या, अशी नाव त्याने घरामागच्या अंगणात उभी केली. आता ती चालवायची कशावर? एवढं धूड वल्ह्यांनी प्रवाहाविरुद्ध परत आणणं शक्यच नव्हतं.

पहिल्यांदा त्याने पाणी ओढायचं डिझेल इंजिन बसवलं आणि गावतलावावर चालवून पाहिलं. धडधडधडधड! बगळे उडाले, बदकं उडाली, काठावरची म्हैस दावं तोडून पळाली.

इतवारी भाऊ पोट धरून हसले. "असा आवाज आयकून पाणमांजर थांबंल का, बाई? ते तं पार सिरोंचाले जाईन!"

"मग बॅटरीवर काऊन नाई चालवत?" मी खुशालला विचारलं.

"ताकद कमी भेटंल, बाई. अन् बॅटरी उतरली का बसलो मंधातच."

"पण आवाज?"

"आवाज नाई होणार."

"मग ठरलं!"

भंगारातल्या एका जीपचा जुना डायनमो त्याने आणला. गाडीत तो बॅटरी भरतो, पण उलट बॅटरीचीच वीज त्याला दिली की तो मोटारीसारखा गरगर फिरतो. खुशालने त्याला सायकलची साखळी जोडली, पत्रा कापून पाण्यात फिरणारा पंखा केला आणि ट्रकच्या दोन बॅटऱ्या फळीला करकचून बांधल्या. एक जायला, एक यायला.

फेब्रुवारी महिना होता, साल शहाऐंशी. सकाळच्या उन्हात आम्ही तिघं निघालो. नाव चालत होती आणि तरी नदी जशीच्या तशी शांत होती! साखळीची बारीक कुरकुर, ड्रमांना लागणाऱ्या पाण्याची चुळबुळ, बस. काठच्या मोहाच्या झाडांखालून हरणांचा एक कळप पाण्यावर आला होता. आम्ही समोरून गेलो तर त्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. एक खंड्या तर सरळ आमच्या बांबूवर येऊन बसला. खुशाल डायनमोवर हात ठेवून लहान पोरासारखा हसत होता.

बेटाजवळ पोचलो. मी टेपरेकॉर्डर एका सपाट खडकावर ठेवला, बटण दाबलं, आणि नाव हळूच मागे घेऊन आम्ही लव्हाळ्यात दबून बसलो.

पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. मिशांवरून पाणी निथळत होतं. आणि ती शीळ आली! तीक्ष्ण, थरथरती. कपारीतून तीन पिल्लं घसरत, एकमेकांवर पडत बाहेर आली. मी इतवारी भाऊंचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

भाऊंचं लक्ष मात्र पाण्याकडे होतं.

"बाई, पाणी गढूळ झालं. वरतं कुठीतरी जोराचा अवकाळी पाऊस पडला. चला, लवकर!"

खरंच, फेस येत होता, पाचोळा येत होता. बघता बघता धार फुगली. मोठी पाणमांजरं पिल्लांना तोंडात धरून दिसेनाशी झाली. आम्ही टेपरेकॉर्डर उचलायला वळणार, इतक्यात खालून अगदी पुसट हाक आली.

"ओऽऽ! कोनी हाय का जीऽऽ!"

खालच्या वाळूत डांगरांची, म्हणजे टरबूज-खरबुजांची, वाडी होती. वेल केव्हाच बुडाले होते. राखणीच्या झोपडीचा खांब कवटाळून एक बाई उभी होती, कमरेइतक्या पाण्यात!

खुशालने माझ्याकडे पाहिलं. मी खडकाकडे पाहिलं. वर गेलो असतो तर टेप हाती आली असती. एक क्षण मन तिकडे ओढलं, खोटं कशाला सांगू?

"बाईकडे घे!" मी ओरडले.

प्रवाहाने आम्हाला भिरकावलंच. इतवारी भाऊंनी दोर फेकला. हुकला! पुन्हा फेकला. बाईने तो मनगटाला गुंडाळला, आणि त्याच क्षणी झोपडी वाहून गेली. त्यांनी आणि मी मिळून तिला फळीवर ओढलं.

पण नाव आता गरगरत खाली चालली होती. पुढे दोन्ही धारा खडकांवर एकत्र आदळत होत्या. पंखा फिरत होता, तरी आम्ही मागेच जात होतो!

"दोनी बॅटऱ्या एकापुढं एक जोडतो!" खुशाल ओरडला. "जोर दुप्पट येईन. पण गुंडाळी जळंल, बाई!"

"जळू दे! जोड!"

ठिणगी उडाली. डायनमो किंचाळला. नाव थरारली, थांबली, आणि इंच इंच काठाकडे सरकू लागली! जळक्या वार्निशचा धूर डोळ्यांत गेला. खुशालने ओलं पोतं डायनमोवर टाकलं, बोटं भाजली तरी तारा सोडल्या नाहीत. इतवारी भाऊ बांबू रोवत होते. "अजून जराक! अजून!"

भप्प! डायनमो बंद पडला. पण बांबू तळाला लागला होता. आम्ही चौघं पाण्यात उड्या मारून, नाव ओढत, धडपडत चिखलात येऊन पडलो.

त्या बाईचं नाव रुखमाबाई. "तुमी इंजिनवाले असते तं मी कितीबी बोंबलली असती, तरी तुमाले आयकू आलं नसतं," ती म्हणाली, आणि रडू लागली.

समोर तो सपाट खडक दिसेनासा झाला होता. टेप गेली, खुशालचा डायनमो गेला. त्याने भाजलेला हात चिखलात धरला होता. "नवी गुंडाळीन," तो म्हणाला. "जाड तारेची."

तेवढ्यात काठाच्या लव्हाळ्यातून शीळ आली. भिजलेली पाणमांजर एकेक पिल्लू उंचावर नेऊन ठेवत होती, आमच्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर. एक. दोन. मग पुन्हा पाण्यात शिरली. आम्ही श्वास रोखला. ती तिसरं घेऊन आली!

रुखमाबाईने डोळे पुसले आणि माझा हात धरला. आम्ही सगळे तसेच चिखलात बसून राहिलो, ऐकत.