पाठमोरा मारुती

उदगीरच्या किल्ल्यावर आधी कोण चढणार, यावरून सुकन्या आणि आदर्श या बहीणभावांचे महादेवाच्या देवळाच्या मंडपात भांडण रंगले होते. सुट्टीसाठी नांदेडहून आलेली त्यांची मामेबहीण मनस्विनी निवाडा देणार, एवढ्यात तिने दोघांना खुणेने गप्प केले. रोज एकट्याने देवळात येणाऱ्या आंधळ्या नागम्माआजी सिमेंटच्या पोत्यांना हात जोडून उभ्या होत्या.

सुकन्याने त्यांना हळूच पिंडीकडे वळवले. आजी ओशाळल्या. रोज पायाला लागणारा कोरीव दगड आज सापडलाच नाही, म्हणाल्या. तो लागला की महादेव समोर आहे हे कळायचे. आता कुणीतरी हात धरून आणील, तेव्हाच येणे.

मुलांनी पोती सरकवली. जुन्या फरशीत एक लांबट खड्डा उघडा पडला होता, आणि दुपारी त्यावर चकचकीत टाइल्स बसणार होत्या.

मग दगड गेला कुठे? भिंतीशी शेंदूर फासलेली, हारांनी झाकलेली एक नवी मूर्ती उभी होती. फरशीचे काम करणाऱ्या भागवत मिस्त्रींनी तिला उडता मारुती ठरवले होते, आणि देवळाचे विश्वस्त मल्लिनाथआप्पा, म्हणजे सुकन्या-आदर्शचे आजोबा, यांनी आनंदाने नारळही फोडला होता.

"मिस्त्रीकाका, शेपूट कुठं हाय याचं?" आदर्शने विचारले.

"झिजलं असंल की."

"अन् तोंड? आपल्याकडं पाठ करून कोणता देव उभा ऱ्हातो?"

मिस्त्री कालवलेल्या सिमेंटकडे वळले. तेवढ्यात मनस्विनीने ओढणीने आधी खड्डा मापला, मग मूर्ती. तसूभरही फरक नव्हता.

"काढला इथनंच," मिस्त्री पुटपुटले. "मग काय झालं?"

आप्पा आले तेव्हा मनस्विनीने त्यांना सगळे समजावले. शिल्पांत कुणी हात जोडतो, कुणी गुडघे टेकतो. पण जुन्या काळी काही भक्त स्वतःला थेट देवळाच्या जमिनीत कोरून घेत, कायमचे पालथे, येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ पाठीवर झेलत. हा उडत नव्हता. साष्टांग नमस्कार घालत होता.

आप्पांचा विश्वास बसेना. अखेर, एकदा आडवा ठेवून तरी बघा, या सुकन्याच्या हट्टापुढे ते नमले. हार उतरले, शेंदूर पुसला गेला, दगड खड्ड्यात अलगद बसला. जोडलेली बोटे थेट पिंडीकडे रोखली गेली, आणि कित्येक शतकांचा तो नमस्कार पुन्हा सुरू झाला.

आप्पांनी पाऊल उचलले आणि ते अडखळले. "याच्यावर पाय कसा ठेवू गं?"

"ठेवा, आप्पा. त्यानं तेच मागितलंय," मनस्विनी म्हणाली.

आप्पांनी पाय ठेवला. मग मुलांकडे वळून म्हणाले, "भक्ताला देव करून मी त्याची जागाच हिरावली होती. तुम्ही त्याला ती परत दिली. आमच्या एवढ्या वयाला जे दिसलं न्हाई, ते तुम्हाला दिसलं."

त्यांच्या मागून नागम्माआजी आल्या. पाय दगडाला लागला. कुणाचाही हात न धरता त्या महादेवाकडे वळल्या आणि हात जोडून लिंगायतांच्या रीतीने नमस्कार करत म्हणाल्या, "शरणु शरणार्थी."